पांढरा साका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज तुम्हाला एका बाटलीची गोष्ट सांगणार आहे. बाटली साधीच. काचेची, ३०० मिलिलिटरची, घट्ट बसणारं काचेचं बूच असलेली. पर्यावरणशास्त्राच्या प्रयोगशाळेत अशा बाटल्या डझनांनी असतात. नदीचं पाणी या बाटलीत भरायचं आणि त्यात ऑक्सिजन किती विरघळलेला आहे ते मोजायचं. पाण्यातला मासा याच ऑक्सिजनवर जगतो. सांडपाणी, मळी, कुजणारा कचरा नदीत आला, की त्यावर जगणारे जिवाणू हा ऑक्सिजन संपवू लागतात. म्हणून नदीची तब्येत विचारायची तर पहिला प्रश्न हाच असतो, की बाई गं, तुझ्यात श्वास किती उरलाय?

मी पंचगंगेच्या खोऱ्यातल्या एका महाविद्यालयात पंचवीसहून जास्त वर्षं हा प्रयोग शिकवला. आधी खडू-फळ्यावर शिकवला, मग प्रयोगशाळेच्या ओट्यावर, आणि पुढे संगणकावरही. ज्याला आपण इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडिया म्हणतो, म्हणजे चित्र असतं, आवाज असतो, हालचाल असते आणि विद्यार्थ्याने काही केलं की पडदा त्याला उलट उत्तर देतो, तो प्रकार. अशा पडद्यावर प्रयोगशाळेतलं काम शिकता येतं का, असं मला नेहमी विचारतात. उत्तर देण्याआधी एक फजिती सांगते. फजिती माझीच आहे.

२००४ सालचा मार्च महिना. नदीकाठच्या एका गावाहून निरोप आला, की पाण्यावर मेलेले मासे दिसताहेत, तुमची मुलं येऊन पाणी तपासतील का? आम्हाला आनंदच झाला. जर्नल भरण्यापलीकडे मुलांना खरं काम मिळत होतं. चार मुलांचा एक गट गेला. पाच ठिकाणांहून बाटल्या भरून आणल्या. गावाच्या जॅकवेलच्या थोडं वर एक नाला नदीला मिळतो, तिथलीही एक बाटली होती.

आता या मोजणीची रीत थोडक्यात सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. लायोश विंक्लर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली ही रीत शोधली, आणि थोड्याफार सुधारणा होऊन ती आजही वापरात आहे. बाटलीत पाणी भरलं, की नदीकाठीच त्यात दोन द्रावणं घालायची. एक मँगनीज सल्फेटचं, दुसरं अल्कली-आयोडाइडचं. बूच लावून बाटली खालीवर केली की आत साका तयार होतो. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात. पाण्यात ऑक्सिजन असेल तर हा साका तपकिरी होतो. मग प्रयोगशाळेत येऊन त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं. साका विरघळतो आणि जेवढा ऑक्सिजन होता त्या प्रमाणात आयोडीन मोकळं होतं. पाणी पिवळं दिसतं. ब्युरेटमधून थेंब थेंब थायोसल्फेट सोडत ते आयोडीन मोजायचं. शेवटी स्टार्च घातला की निळा रंग येतो, आणि ज्या थेंबाला तो निळा रंग जातो, तिथे थांबायचं. सगळं प्रमाणात घेतलं असेल तर हिशेब सोपा असतो. २०० मिलिलिटर पाण्याला ७ मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तर लिटरमागे ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन. आपल्याकडच्या २५ अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात तो साधारण ८ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो.

मुलांनी तक्ता तयार केला. पाचही ठिकाणचे आकडे ६ ते ७ च्या दरम्यान होते. नाल्याच्या तोंडाशी ६.४. मी तक्त्यावरून नजर फिरवली, सही केली, आणि कागद ग्रामपंचायतीकडे गेला.

आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. आठवड्याभराने बाटल्या धुताना मामा सहज बोलावं तसं बोलले, "मॅडम, त्या पोरींची नाल्याची बाटली पांढरी होती बरं का. तपकिरी नव्हती."

मी जागच्या जागी बसले. पांढरा साका म्हणजे ऑक्सिजन नाही. जवळजवळ शून्य.

त्या मुलीला बोलावलं. ती खोटारडी नव्हती, वर्गातली चांगली मुलगी होती. रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, पुस्तकात तपकिरी लिहिलंय. आमचा पांढरा आला. आम्ल घातल्यावर पिवळंही झालं नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. म्हणून मागच्या वर्षीच्या जर्नलमधला आकडा घेतला."

मंडळी, त्या पाच बाटल्यांमध्ये सर्वांत महत्त्वाचं काही सांगत असेल तर ती ही एकच बाटली होती. मुलीने ती अगदी बरोबर भरली होती. प्रयोग बरोबर केला होता. तिला दिसलं तेही खरं होतं. आणि तेच तिने टाकून दिलं, कारण आम्ही तिला एकच उत्तर शिकवलं होतं.

दुरुस्तीचं पत्र घेऊन मी स्वतः त्या गावी गेले. सरपंच शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा कागद बघून आम्ही जॅकवेलची मोटर चालू ठेवली होती." ऑक्सिजन शून्य म्हणजे पाण्यात विषच आहे, असं नव्हे. पण कुजणारं काहीतरी मोठ्या प्रमाणात येतंय, एवढं नक्की. ते कळलं असतं तर त्यांनी आठवडाभर आधी हालचाल केली असती. सुदैवाने गावात कुणी आजारी पडलं नाही. पण ती सही माझी होती, आणि ते वाक्य आजही माझ्या कानात आहे.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडत होती. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षणाबाबत निर्देश दिले होते. त्यांची अंमलबजावणी नीट होत नाही म्हणून डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं. पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. आमच्याकडे कला आणि वाणिज्यची शेकडो मुलं एकदम या विषयाला आली, आणि प्रयोगशाळेत उभं राहायला जागा वीस जणांची. तेव्हा संगणक विभागातल्या दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून आम्ही ठरवलं, की या प्रयोगाची सीडी करायची.

सहा महिने खपून ती केली. डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढले, फ्लॅशमध्ये ॲनिमेशन केलं. आवाज कुणाचा द्यायचा यावर खल झाला आणि शेवटी मामांचा घेतला. कारण पुस्तकात नसलेलं बरंच काही मामांना येत होतं. "बाटली तिरकी धरा. पाण्याचा खळखळ आवाज आला की नमुना गेला म्हणून समजा." हे त्यांचं वाक्य अजून माझ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे.

सीडी देखणी झाली. आणि पहिल्याच वर्षी ती सपशेल फसली.

झालं असं, की प्रत्येक पायरीखाली आम्ही "पुढे" असं बटण दिलं होतं. बाटली भरली, पुढे. द्रावण घातलं, पुढे. एका पठ्ठ्याने सगळा प्रयोग चार मिनिटांत संपवला, शेवटच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि प्रयोगशाळेत येऊन ब्युरेटसमोर उभा राहिला. ब्युरेटच्या चोचीत हवेचा बुडबुडा अडकलेला. तो नुसता बघत राहिला. शेजारचा म्हणाला, "अरे, पुढे बटण शोधतोयस काय?" सगळे हसले. मीही हसले. पण रात्री झोप लागली नाही. जर्नलमधलं छापील उत्तर काढून मी पडद्यावर हलतं-बोलतं छापील उत्तर ठेवलं होतं. पांढरा साका त्याही सीडीत नव्हता.

मग आम्ही ती सीडी मोडून पुन्हा बांधली. या वेळी नियम एकच ठेवला. विद्यार्थ्याला चुकू द्यायचं, आणि चुकीचं पुढे काय होतं ते दाखवायचं. लाल फुली मारून "चूक" म्हणायचं नाही. त्याने बाटली वरून धबाधबा ओतून भरली, तर भरू द्यायची. प्रयोग शेवटपर्यंत जातो, आकडा येतो, आणि मग पडदा दाखवतो, की नदीत ऑक्सिजन होता २, तुझं उत्तर आलं ४. ओतताना हवा मिसळली. बुचाखाली बुडबुडा ठेवला, तरी तेच. सांडपाण्यात नायट्राइट असतं. त्याचा बंदोबस्त करणारं अझाइड घालायला विसरलं, तरी आकडा फुगतो.

हे करत असताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं शिकवूनही ती अशी समोर आली नव्हती. घाण पाण्याच्या बाबतीत या सगळ्या निष्काळजीपणाची दिशा एकच असते. नमुना घेणारा हलगर्जी असेल तर मेलेली नदी कागदावर जिवंत दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. बाटली भरताना झालेली चूक एखाद्या घाटाला या रेषेच्या खालून वर नेऊ शकते. नरसोबाच्या वाडीला संगमावर बुडी मारणाऱ्या माणसाला कुठे माहीत असतं, की त्या आकड्यामागे कुणाचा तरी हात होता आणि तो हात घाईत होता?

दुसरा बदल असा केला, की प्रत्येकाला पाणी वेगळं. संगणक दर वेळी नवा नमुना देणार. कधी ऑक्सिजन ७, कधी ३, आणि मधूनच एखादा शून्य. शेजाऱ्याचा आकडा उतरवून काढायची सोयच ठेवली नाही. पांढरा साका पहिल्यांदा आला की मुलं थबकायची. काही जण प्रयोग रद्द करून नवा नमुना मागायची. तेव्हा मामांचा आवाज यायचा, "थांबा. टाकू नका. दुसरी बाटली भरा आणि बघा, पुन्हा तसंच होतंय का." बस्स, एवढंच. उत्तर सांगायचं नाही, पुन्हा बघायला सांगायचं.

आता या पडद्याचे फायदे सांगते, कारण ते खरे आहेत. सर्वांत मोठा फायदा मला सीओडीच्या प्रयोगात दिसला. रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजण्याचा हा प्रयोग. त्यात पाण्याचा नमुना दोन तास तीव्र आम्लात उकळायचा असतो. आमच्या पद्धतीत एका नमुन्याला ३० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागायचं. शिवाय क्रोमियम, चांदी आणि पारा यांचे क्षार. वीस मुलांनी एकेकदा प्रयोग केला तर ६०० मिलिलिटर आम्ल आणि पारा-क्रोमियम मिसळलेलं पाणी मागे उरतं. हे विष नीट साठवून विल्हेवाटीसाठी पाठवायला हवं. पण अनेक ठिकाणी ते बेसिनमध्ये जायचं, हे मी पाहिलेलं आहे. बेसिनमधून गटार, गटारातून नाला, नाल्यातून नदी. नदीचं प्रदूषण मोजायला शिकताना आपणच नदीत पारा सोडायचा! हा प्रयोग आम्ही पडद्यावर नेला. मुलं पडद्यावर हवा तितका सराव करायची, आणि खरा प्रयोग पूर्ण वर्गात मिळून एकदाच व्हायचा, तोही उरलेलं द्रावण बरणीत साठवून.

दुसरा फायदा सुरक्षिततेचा. आमच्या पिढीने तोंडाने पिपेट ओढली आहे, आणि त्यात आम्लाचा घोटही कुणाकुणाच्या तोंडात गेलेला आहे. आम्लात पाणी ओतायचं नाही, पाण्यात आम्ल हळूहळू ओतायचं, हे आम्ही घोकून पाठ केलं. पडद्यावर मूल उलटं ओततं, आम्ल उसळून अंगावर आल्याचं बघतं, आणि कुणाचाही हात भाजत नाही. अशी चूक आयुष्यात एकदा करायला मिळावी, आणि ती पडद्यावर मिळावी.

आणि आता तोटा. बीओडी नावाची दुसरी चाचणी आहे, जैविक ऑक्सिजन मागणी. त्यात पाण्यातला ऑक्सिजन आज मोजायचा, तशीच दुसरी बाटली अंधारात ठेवायची आणि काही दिवसांनी पुन्हा मोजायचं. जिवाणूंनी मधल्या काळात किती ऑक्सिजन खाल्ला ते त्यावरून कळतं. जुनी रीत २० अंशाला पाच दिवसांची. आपल्या हवामानाला धरून भारतीय मानकात २७ अंशाला तीन दिवसांची रीतही आहे. आम्ही पाच दिवसांची करायचो. सोमवारी बाटल्या ठेवायच्या, शनिवारी उघडायच्या. त्या काळात लोडशेडिंग जोरात होतं. वीज गेली की इनक्युबेटरचं तापमान सरकायचं, आणि मामा आतल्या थर्मामीटरचा आकडा दर तासाला कागदावर लिहून ठेवायचे.

पहिल्या सीडीत हे पाच दिवस पाच सेकंदांत जायचे. घड्याळाचे काटे गरगर फिरले की झालं. दुसऱ्या सीडीत आम्ही हुशारी केली. बाटली पाचव्या दिवशीच उघडेल, असं संगणकाच्या तारखेला बांधून टाकलं. मुलांनी काय करावं? संगणकाची तारीखच पाच दिवस पुढे केली! मामांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "मॅडम, पडद्याला फसवता येतं. बाटलीतल्या किड्यांना तारीख बदलून सांगा म्हणावं."

हसण्यावारी बोलले, पण बोलले ते खरं. वाट बघणं हासुद्धा प्रयोगाचा भाग आहे. शनिवारी बाटली उघडली आणि ऑक्सिजन पूर्ण संपलेला निघाला, तर पाणी पुरेसं पातळ केलं नव्हतं असा अर्थ होतो, आणि पुन्हा सोमवारपासून सुरुवात. तो आठवडा वाया जातो. तो वाया गेल्याचं दुःख पडदा देऊ शकत नाही, आणि त्या दुःखाशिवाय पुढच्या खेपेला माणूस काळजी घेत नाही.

हातांचंही तसंच. पडद्यावरचे थेंब सगळे सारखे असतात. खऱ्या ब्युरेटमधून अर्धा थेंब सोडायचा, तो काचेला टेकवून घ्यायचा, फ्लास्क गोल फिरवत राहायचा, डोळा पातळीच्या रेषेत आणायचा, हे बोटांनाच शिकावं लागतं. आम्ल घातल्यावर बाटली हाताला कोमट लागते. नाल्याच्या पाण्याला वास येतो. ही माहिती कोणतीही सीडी देत नाही.

मग पडद्याचा उपयोग झाला की नाही? २००७ सालचा उन्हाळा. आमची मुलं पुन्हा नदीवर गेली होती. दुपारी एका मुलाचा फोन आला. "मॅडम, नाल्याजवळ साका पांढरा आलाय. दुसरी बाटली भरली, तीही पांढरी. वरच्या अंगाला पन्नास पावलांवर भरली, ती तपकिरी आहे. आता खालच्या अंगाला घेऊ का?"

मी "घे" म्हटलं आणि फोन ठेवला. मग थोडा वेळ काही सुचेना. त्या मुलाने पांढरा साका यापूर्वी प्रत्यक्षात कधीच पाहिला नव्हता. पाहिला होता तो फक्त पडद्यावर. पण तो घाबरला नाही, आणि त्याने आकडा बनवला नाही. त्याने पुन्हा बघितलं. त्या दिवशी आमचा कागद त्याच दिवशी गावात पोचला, आणि तो खरा होता.

पुढे काळ बदलला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली 'फेट' हा प्रकल्प सुरू केला होता. त्यातले पडद्यावरचे प्रयोग पुढे अनेक भाषांत आले, काही मराठीतही आले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या मदतीने, आयआयटी दिल्लीच्या समन्वयातून व्हर्च्युअल लॅब्ज उभ्या राहिल्या. त्यात मुंबईची आयआयटी आणि पुण्याचं सीओईपीही आहे. आमच्या घरगुती सीडीपेक्षा हे काम कितीतरी मोठं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि प्रयोगशाळांना कुलपं लागली, तेव्हा अशा प्रयोगांनीच वर्ग चालू ठेवले. रेंज मिळावी म्हणून बांधावरच्या झाडाखाली फोन धरून बसलेली मुलं मला अजून आठवतात.

आमच्या सीडीचं काय झालं? २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झालं आणि ती चालेनाशी झाली. तोवर नव्या संगणकांना सीडी घालायची खाचही उरली नव्हती. यंत्रावर शिकवायचं तर हेही लक्षात ठेवावं लागतं. काचेची बाटली विंक्लरच्या काळापासून तशीच आहे, आमची सीडी मात्र पंधरा वर्षंही टिकली नाही. मामा २०१२ साली निवृत्त झाले आणि २०१९ मध्ये गेले. सीडी करणाऱ्या दोघांपैकी एकाने आवाजाच्या फाइली मात्र जपून ठेवल्या होत्या. त्याने त्या मला पाठवल्या. मोबाइलवर चालेल असं नवं रूप आम्ही केलं तेव्हा चित्रं सगळी नवी काढली, पण आवाज तोच ठेवला. ज्या मुलांनी मामांना कधी पाहिलं नाही, तीही आज बाटली तिरकी धरतात.

टाळेबंदी उठल्यावर ती मुलं प्रयोगशाळेत आली. त्यांना सगळ्या पायऱ्या तोंडपाठ होत्या, पण पिपेट पेनसारखी धरत होती. एका मुलीचा हात इतका थरथरत होता, की मी तिच्या हाताखाली माझा हात धरला. दोन-तीन प्रात्यक्षिकांत हात स्थिर झाले. प्रयोग का करायचा आणि कुठे चुकू शकतो हे त्यांना आधीच माहीत होतं, त्यामुळे मला फक्त बोटं शिकवायची राहिली होती. माझा अनुभव विचाराल तर क्रम असा हवा. आधी पडदा, मग हात, आणि हाताने चूक केली की पुन्हा पडदा, ती चूक उलगडून बघण्यासाठी. नुसत्या पडद्यावर कुणाला पास करू नये. आणि नुसत्या जर्नलवर तर मुळीच करू नये.

शेवटी एक सांगते आणि थांबते. ज्या शेकडो कला-वाणिज्यच्या मुलांसाठी आम्ही हा खटाटोप केला, त्यांना पुढे ब्युरेट कधी हातात धरायची नव्हती. मग त्यांना हे शिकवून काय मिळालं, असं माझे सहकारी विचारायचे. मलाही नीट सांगता येत नसे. निवृत्तीनंतर एका गावच्या ग्रामसभेत पाण्याच्या अहवालावर बोलायला मला बोलावलं होतं. अहवाल वाचून झाला, आकडे चांगले होते, लोक उठायच्या बेतात होते. इतक्यात एक बाई उभी राहिली. पंचायतीची सदस्य, वाणिज्यची आमची जुनी विद्यार्थिनी. तिने अहवाल आणणाऱ्या माणसाला विचारलं, "साहेब, आकडा राहू द्या बाजूला. नमुना कुठनं घेतला, आणि बाटली भरताना पाण्याचा आवाज येत होता का?"

त्या माणसाला उत्तर देता आलं नाही. नमुना पुन्हा घ्यायचं ठरलं.